पुठ्ठ्याचा मॉल

३ मार्च, मंगळवार

जेवणाच्या अर्ध्या टेबलावर मॉल येऊन बसलाय! पुठ्ठ्याचा. नातीने ऑफिसातून उचलून आणला, नगरपालिकेच्या सभेआधी घरी नीट करायचाय म्हणून. ती नगररचना खात्यात आहे. मी बघतच राहिले. आगपेटीहून लहान गाड्या, भांडी घासायच्या स्पंजची झाडं — छप्पर उचललं की आत सरकता जिनासुद्धा! आमच्या गावातल्या खऱ्या मॉलमधला कधीचा बंद पडलाय. कारंजं कोरडं, त्यात लोक चहाचे कप टाकतात. निम्म्या दुकानांची शटरं खाली.

एकदम पाडायचा नाही म्हणे. तुकड्यातुकड्याने, पंधरा वर्षं. मधून रस्ता, वर घरं, कारंज्याच्या जागी बाग. मी विचारलं, पंधरा वर्षांनी काय होईल ते तुला आत्ता कसं कळतं गं? म्हणाली, "कळत नाही आजी. म्हणून तर एकेक तुकडा. चुकलं तर पुढचा बदलता येतो."

माझ्या लग्नाच्या वेळी ही अक्कल कुणाला सुचली नाही.

पोरीचं डोकं म्हणजे डोकं आहे. फक्त एक वाईट — मागची बाजू पहिली पडणार. आणि मागच्या बाजूला माझ्या मुलाचं, म्हणजे तिच्या बापाचं, घड्याळदुरुस्तीचं दुकान.

५ मार्च, गुरुवार

बापलेक बोलत नाहीत. "आजी, बाबांना म्हणावं मीठ द्या." मीठ त्याच्या कोपरापाशी, मी पार टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. सूनबाई म्हणते, "मी मधे पडत नाही. मला दोघांबरोबर राहायचंय."

मागची बाजू काही नातीने निवडली नाही. वडिलांचं दुकान तिथे आहे हे तिने साहेबांना आधीच सांगितलं, तेव्हा ते ठरवणं त्यांनी स्वतःकडे घेतलं. मागच्या भिंतीच सगळ्यात खचलेल्या, मग दुसरं काय निघणार? पण हे याला कोण समजावणार. नवी इमारत होईपर्यंत तिकडच्या दुकानदारांना पार्किंगमध्ये शेड मिळणार. हा म्हणतो, "पत्र्याखाली कोण येणार घड्याळ घेऊन? त्यापेक्षा एकदाच सगळं पाडा, भरपाई द्या, सुटलो आम्ही." बिल्डरलाही तेच हवंय. हिची योजना की बिल्डरची, ते सभेत ठरेल.

मॉडेलकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. जेवताना मान वळवून बसतो. मान धरेल एक दिवस.

८ मार्च, रविवार

माझा हात मेला कुठे स्वस्थ बसतो! मॉडेलवरची धूळ झटकायला गेले आणि पार्किंगमधली शेडच आडवी झाली. नात रागावली नाही हो. डिंक घेऊन बसली, पण बोटं जाड पडतात, शेड तिरकीच उभी राहते. "आजी, बाबांना विचार ना, त्यांचा घड्याळाचा चिमटा मिळेल का."

तो पेपराआडून म्हणाला, "चिमटा दुकानात असतो. दुकान असेपर्यंत."

१० मार्च, मंगळवार

दुकानदारांनी सभेत बोलायला मुलालाच पुढे केलंय. समोर कोण असणार ते सांगायला नको.

१२ मार्च, गुरुवार

गेले सभेला. गुडघे गेले खड्ड्यात.

नात व्यासपीठावर, समोर तो पुठ्ठ्याचा मॉल, शेड तशीच तिरकी. किती सोपं सांगितलं पोरीने! मला कळलं म्हणजे कुणालाही कळेल. मग माझा मुलगा उठला. इस्त्रीचा शर्ट. पोटच्या पोरीला म्हणतो, "मॅडम, शेडमध्ये गिऱ्हाईक येईल याची खात्री आपण देता का?"

"नाही देता येणार, साहेब," ती म्हणाली. "पण शेड मॉलच्या मागे नाही, बसस्टॉपसमोर आहे. आणि तुमची नवी इमारत उभी राहिल्याशिवाय पुढचा तुकडा पाडायचा नाही, हे ठरावातच आहे. ते मोडलं तर मला इथेच उभं करून जाब विचारा."

"विचारू," म्हणाला, आणि बसला.

आवाज कुणाचा चढला नाही, पाय कुणाचा मागे सरला नाही. कौतुक करावं तरी कुणाचं? शेजारच्या शिंपीणबाईंना म्हटलं, दोघंही माझीच. त्या म्हणाल्या, "दिसतंय की. नाक एकच आहे."

मग नगरसेवकांनी मतासाठी हात वर केले. नातीची योजना पास.

घरी आल्यावर मात्र मीठ माझ्याच हातून फिरलं. हा मान खाली घालून जेवला. पोर काही जिंकल्यासारखी दिसतच नव्हती.

१३ मार्च, शुक्रवार

मॉडेल आज ऑफिसात परत जाणार म्हणून बघायला गेले — हात मागे बांधून. शेड सरळ उभी आहे, सांधासुद्धा दिसत नाही. वर तांदळाएवढी पाटी चिकटवलेली. शेजारी कुणीतरी भिंग विसरलंय, त्यातूनच वाचली — 'घड्याळदुरुस्ती'. कोपऱ्यावरचा गाळा धरलाय, बसस्टॉपकडे तोंड करून.