कठड्यापाशी पसरलेले हात

पप्पा,

मागच्या महिन्यात उमरीच्या चर्चमध्ये तुमच्या नावाची शाल माझ्या खांद्यावर घातली. छत नवीन झालं, फरशी बसली, त्या निमित्तानं तिथं सेवा केलेल्या जुन्या पाळकांच्या घरच्यांना आग्रहानं बोलावलं होतं. तुमच्याकडून जायला आता मीच उरले आहे, आईला जाऊनही बरीच वर्षं झाली. लातूरहून आम्ही दोघं पहाटेच निघालो, मी आणि तुमचे जावई. तुम्ही त्यांना जावई कधी म्हणाला नाहीत, पण हे पत्र माझं आहे आणि इथं मी म्हणणार. शाल घेतली, पुष्पगुच्छ घेतला, फोटोला उभी राहिले. इथपर्यंत सगळं शहाण्यासारखं झालं. नवा तरुण पाळक देवाच्या बिनशर्त प्रीतीवर बोलला, बरं बोलला. मग तुमच्याबरोबर सायकलवर गावोगाव फिरणारे तुमचे ते जोडीदार साक्ष द्यायला उठले. आता पार वाकलेत, डोळ्यांत मोतीबिंदू, समोर कोण बसलंय ते त्यांना दिसत नव्हतं. माइक धरून म्हणाले, प्रीती प्रीती सगळेच म्हणतात, पण आमच्या वेळेला निष्ठा होती. "पाळकसाहेबांनी सोताच्या पोरीलाबी प्रभुभोजनाचा तुकडा दिला न्हाई. लगीन भायेर केलतं तिनं. वेदीम्होरच्या कठड्याला आली, गुडघं टेकून हात पसरले, साहेब पुढं निघून गेले. डोळ्यात पाणी होतं त्यांच्या, पण हात हालला न्हाई. असा मानूस आता कुटं हाय?" लोक आमेन म्हणाले. टाळ्याही वाजल्या. मी तुमची शाल पांघरून पहिल्याच बाकावर बसले होते.

तुमच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मला इतक्या वर्षांनी माइकवरून कळावं? त्या पाण्याचं आता मी काय करू, पप्पा? मला त्या दिवशी दिसला तो तुमचा पांढरा झगा, झग्याची काठाशी उसवलेली शिवण आणि पुढं पडलेलं पाऊल. मान वर करून तुमच्या तोंडाकडं बघायची माझी हिंमत झाली नाही. बाकीच्यांनी बघितलं, त्यांनी ते पाणी पाहिलं, त्यावर गोष्ट रचली आणि मला सोडून सगळ्यांना ती सांगितली. माझ्या अपमानाचं तुमच्या नावावर पुण्य झालं, आणि तेही बिनशर्त प्रीतीच्या उपासनेत. मला भयंकर संताप आला. शेजारी बसलेल्या तुमच्या जावयांनी हळूच विचारलं, "उठायचं का?" मी म्हणाले, नाही.

तुम्हाला आपलं मुदखेडचं स्वयंपाकघर आठवतं का? महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाला पाव आणि रस लागायचा, म्हणून शनिवारी आई काळे मनुके भिजत घालायची. संध्याकाळी ते उकळायचे, पातळ फडक्यातून पिळायचे, आणि तो गडद रस बाटलीत भरून फडताळात ठेवायचा. घरभर गोड वास सुटलेला आहे, मी सात-आठ वर्षांची आहे, आणि फडक्यात उरलेला चोथा समोर आहे. मी मूठभर तोंडात घातला. नेमके तुम्ही दारात. तुम्ही हात उगारला नाही, तुम्ही कधीच उगारला नाही, पण म्हणालात ते मारापेक्षा वाईट होतं. जो लायक नसताना हे खातो तो स्वतःवर न्याय ओढवून घेतो, असं तुम्ही मला, एका चिमुरडीला, अगदी शांतपणे समजावलंत. मी रात्रभर मरणाची वाट बघत पडून राहिले. सकाळी आईला सांगितलं तर ती हसत सुटली, म्हणाली, "मनुकेच हायत गं ते, दुकानातले. रस अजून चर्चच्या टेबलावरबी गेला न्हाई." पण तुम्ही हसला नाहीत. तुम्ही मला तसंच भ्यायलेलं राहू दिलंत, कारण भीतीनं लेकरू सरळ राहतं असं तुम्हाला वाटायचं.

आणि रविवारचं ते वचन. संडेस्कूलचं सुवर्णवचन पाठ म्हणून दाखवल्याशिवाय ताट वाढायचं नाही, हा तुमचा नियम. एक शब्द इकडचा तिकडं झाला की पुन्हा पहिल्यापासून. आई ताट हातात धरून उभी, भात गार होतोय, आणि मी देवाची प्रीती किती थोर आहे ते वचन रडत रडत म्हणतेय. न चुकता झालं की तुम्ही खिशातून लिमलेटची गोळी काढायचात, डोक्यावर हात ठेवायचात. तो हात मला जगात सगळ्यात आवडायचा. मी त्या हातासाठी अख्खी स्तोत्रं घोकली. प्रीती अशी मिळवायची असते, आधी पाठ, मग हात, हे मी तुमच्याकडूनच शिकले. पुलपिटावर तुम्ही वेगळं शिकवायचात, ते दुसऱ्यांसाठी असावं असं मी धरून चालले.

बरं, तुम्हाला दुसरी रीत येतच नव्हती म्हणावं, तर तेही खरं नाही. मला विषमज्वर झाला तेव्हा तुम्ही रोज नांदेडहून मोसंबी आणायचात. खाटेच्या कडेला बसून एकेक फोड सोलायची, बी काढायची, पांढरा धागा काढायचा आणि मला भरवायची. मी तापात काहीबाही बरळत होते, देवाचं नाव नव्हतं की वचन नव्हतं. एकदा तुमच्या अंगावर उलटी केली तर तुम्ही सदरा बदलून परत येऊन बसलात आणि पुढची फोड सोलायला घेतली. म्हणजे तुम्हाला येत होतं! याचाच मला जास्त राग येतो. ज्याला येतच नाही त्याच्यावर कोण कशाला चिडेल? वस्तीवरच्या दारुड्यालाही तुम्ही म्हणायचात, आहेस तसा ये बाबा, आंघोळ नंतर कर. मग माझ्याच वेळेला काय आडवं आलं?

माझा नवरा बौद्ध घरातला, एवढंच ना? त्यांचे आजोबा आणि आपले आजोबा एकाच वस्तीतले, गावच्या एकाच टोकाला राहिलेले. आपले आजोबा आधी एका दारानं बाहेर पडले, त्यांचे पुढं दुसऱ्या दारानं. हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी तुम्ही मंडळीचा नियम पुढं केला. लग्न बाहेर झालं की प्रभुभोजन बंद, आणि परत यायचं तर उपासनेत सगळ्यांसमोर उभं राहून चुकले म्हणायचं. मी लेकीला घेऊन आले होते, चार महिन्यांची होती ती. त्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही खुर्चीवर, मी खाली जमिनीवर. तुम्ही म्हणालात, "उभी रहा आन् चुकले म्हन. एका मिनटाचं काम हाय. मग मी काई बोलनार न्हाई." मी विचारलं, "काय चुकले म्हणू, पप्पा? ही मांडीवर हाय तिला चूक म्हणू का?" आई आतून म्हणाली, जाऊ द्या न हो. तुम्ही उठून बाहेर गेलात. सकाळी मी उभी राहिले नाही, चुकले म्हणाले नाही, पण लेकरू आईच्या हातात देऊन कठड्याला मात्र आले. का आले सांगू? मला वाटलं, आता समोरासमोर आहे, आता पाठ घेणार नाहीत, आता मोसंबीवालेच पप्पा येतील. डाव्या तळव्यावर उजवा तळवा ठेवला आणि हात पुढं केले. माझ्या डावीकडच्या बाईला तुकडा मिळाला. उजवीकडच्या म्हाताऱ्याला मिळाला. मधे माझे हात तसेच.

मुदखेडला आमचं सासर तुमच्या चर्चपासून चालत दहा मिनिटांवर होतं, लेकीला उचलून मी तिथं आले. सासूबाई ओसरीत शेंगा फोडत बसल्या होत्या. माझं तोंड बघितलं, काय झालं म्हणून विचारलं नाही. म्हणाल्या, "तुमच्या देवाचं काय ते तुमी बघा, पन लेकराला टोपी का घातली न्हाईस? वारं किती सुटलंय." आणि लेकरू घेतलं, मला आत ढकललं, जेवायला वाढलं. वर म्हणाल्या, रडायचं तर जेवून रड. पुढं किती वर्षं त्या दर रविवारी मला चर्चला हाकलायच्या, उशीर झाला की ओरडायच्या. त्यांच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, त्यांना तुमची कृपा, तुमचा करार, काही माहीत नव्हतं. सगळं माहीत असलेल्या घरातून निघून मला हे तिथं मिळावं, याची तुम्हाला कधी लाज वाटली नाही?

तुम्ही गेलात, मी लातूरला आले, आणि तुम्हाला ठाऊक आहे मी काय केलं? इथल्या चर्चमध्ये दर महिन्याला शनिवारी प्रभुभोजनाची तयारी मीच करते. मनुके आईसारखेच उकळते. पावाच्या कडा काढते, सारखे तुकडे करते, खळ घातलेल्या पांढऱ्या कपड्यानं झाकते. आणि रविवारी शेवटच्या बाकावर बसून राहते. कुणी विचारलं तर गुडघे टेकवत नाहीत म्हणून सांगते, गुडघे माझे ठणठणीत आहेत. इतकी वर्षं सगळ्यांसाठी ते ताट मांडलं आणि स्वतः एक तुकडा तोंडात घातला नाही. लोक म्हणतात, केवढी सेवा करते बाई. सेवा कसली, मी अजून वचन पाठ म्हणून दाखवत होते. काम चोख झालं तर वरून हात येईल डोक्यावर, अशी वाट बघत होते. प्रार्थनेला डोळे मिटले की देव म्हणून तुमचाच झगा दिसायचा आणि तो पुढं निघून जायचा. फुकट काही घ्यायला हात पुढं होईनात, ही तुम्ही मला दिलेली ठेव. दुसऱ्यांना तुम्ही देव दाखवलात, पप्पा. माझ्या आणि त्याच्या मधे येऊन उभे राहिलात.

तर त्या दिवशी उमरीला, टाळ्या थांबल्यावर, प्रभुभोजनाला बोलावलं आणि मी उठले. विश्वासानं बिश्वासानं नाही, सरळ रागानं उठले. म्हटलं, मुदखेडच्या कठड्याची गोष्ट सांगता ना, तुमच्या इथल्या कठड्याला येते, बघू कोण पुढं जातंय. शाल बाकावर टाकली आणि गुडघे टेकले. डोकं तापलेलं, जबडा आवळलेला, मनात क्षमा नाही, प्रेम नाही, चांगलं काहीच नाही. लायक म्हणतात तसं माझ्याकडं त्या घटकेला काही म्हणजे काही नव्हतं. तो तरुण पाळक मला ओळखतही नव्हता. त्यानं माझ्या हातावर तुकडा ठेवला, अगदी सहज, शेजारणीला ठेवला तसाच. मी तो खाल्ला. माझ्या आत काही उजळलं नाही, रडूही आलं नाही. फक्त एवढं कळलं की मी चिडलेली असतानाही ते मला दिलं गेलं, आणि कुणी काही विचारलं नाही. हे इतकं साधं होतं आणि यासाठी माझं अर्धं आयुष्य गेलं, म्हणून मला आणखीच राग आला.

तेवढ्यात उजवीकडं कुणीतरी धडपडत गुडघे टेकले. तेच म्हातारे. हात पसरले, हात कापत होते. आणि पप्पा, मला मनापासून वाटलं की पाळकानं यांना सोडून पुढं जावं. कळू दे एकदा कसं वाटतं ते. पाळक थांबला, त्यांचे कापणारे हात आपल्या डाव्या हातानं सावरले आणि तुकडा ठेवला. मला ते मुळीच आवडलं नाही. बिनशर्त म्हणजे मलाच नव्हे, यांनाही, हे त्या ठिकाणी बसून गिळावं लागलं. आणि यांना, तर मग तुम्हालाही.

परत येताना गाडीत तुमच्या जावयांनी पाण्याची बाटली पुढं केली. मी तुमचाच विचार करत होते. तुम्हाला कठड्याच्या या बाजूला गुडघे टेकलेलं मी कधी पाहिलं नाही. तुम्ही नेहमी आतल्या बाजूला, उभे, देणारे. आधी स्वतःच्या हातानं स्वतः घ्यायचात आणि मग आमच्याकडं वळायचात. तुमच्या पसरलेल्या हातावर कुणी काही ठेवलंय असं मला आठवतच नाही. घरीही नाही. तुम्हीही कुणाला तरी कायम पाठ म्हणून दाखवत होतात की काय, कोण जाणे.

हे पत्र पाठवायचं कुठं, हा प्रश्नच नाही. शेवटी तुम्हाला माफ केलं असं लिहावं म्हणून बसले होते, ते काही माझ्यानं लिहवत नाही. पण खरं एक सांगते. गाडीत मला दिसलं की तुम्ही माझ्या शेजारी गुडघे टेकून बसला आहात, हात पसरून, आणि तुमच्या हातावर तुकडा पडेपर्यंत मी श्वास रोखून धरला होता. मला हे दिसायला नको होतं, पप्पा. राग होता तोच बरा होता.