अडुसष्ट पॉइंट दोन

३ मार्च

बोलायला बंदी! तीन आठवडे. म्हणून लिहिते आहे, दुसरं काही कारण नाही.

घशाच्या डॉक्टरांनी स्वरयंत्रावरची गाठ काढली. साधीच निघाली. वर दम भरला — "एक शब्द नाही. कुजबुज तर त्याहून नाही." अडतीस वर्षं वर्गात आवाज चढवून शिकवलं, त्याचं हे बक्षीस. रोजनिशी लिहिणाऱ्या बायकांचं मला कधी कौतुक वाटलं नाही. पण डोक्यात वाक्यं तुंबतात, ती कुठेतरी ओतायला हवीत.

हे म्हणाले, "लग्नाला बत्तीस वर्षं झाली, आज पहिल्यांदा शेवटचा शब्द माझा!" आणि स्वतःच हसत सुटले. मी मुलाची जुनी पाटी काढली. लिहिलं — रक्तदाब?

"एकशे तीस, ऐंशी. कपाटावरच्या तक्त्यात भरलाय, मास्तरीणबाई."

५ मार्च

कॉलेजात, आमच्या नर्सिंग विभागात गेले. निवृत्तीला सव्वीस दिवस उरलेत, घरी बसून कसं चालेल? चिठ्ठ्या लिहून कामं केली. सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात, जणू मी बहिरीच झाले आहे.

सगळीकडे शांत, फक्त माझाच आवाज चालू! आमची सहायक चाचणीच्या फोनवर ॲप तपासत होती, त्यातून मीच बोलत होते. "वजन वाढलं आहे. पुन्हा मीठ खाल्लंत का? आजच दवाखान्यात जा."

हृदय कमजोर झालेले एकशे बारा रुग्ण. रोज सकाळी वजन करायचं, पाय सुजलेत का, दम लागतो का ते पाहायचं, सगळं फोनमध्ये भरायचं. अंगात पाणी साठलं तर वजनात आधी कळतं. आकडा वाढला की पडदा लाल होतो, मी बोलते, आणि आमच्या परिचारिकेला निरोप जातो. हे माझं शेवटचं संशोधन. आवाजासाठी एक नटी सुचवली होती — साखरेत घोळलेली. मी म्हटलं, आजाऱ्याला लाड नकोत, शिस्त हवी. आणि स्वतः बोलले.

६ मार्च

यांनी नव्या चपला आणल्या, एक नंबर मोठ्या. जुन्या धडधाकट आहेत! पाटीवर तीन उद्गारचिन्हं काढली. "मोकळं बरं वाटतं गं," एवढंच.

७ मार्च

सहायक आली. तिला सगळे चिमणी म्हणतात, सारखी चिवचिवते म्हणून. आज दारातच गप्प उभी.

"मॅडम, सत्तेचाळीस नंबर नऊ दिवस भरत नव्हते. मी फोन केला. त्यांच्या बायकोने उचलला. ते गेले."

सत्तेचाळीस म्हणजे शिंपीकाका. रात्रीत दम लागला, दवाखान्यात नेलं, दोन दिवसांत संपलं. मी लिहिलं — शेवटच्या नोंदी काढ. तिने काढल्या. एकोणीस दिवस तोच आकडा. अडुसष्ट पॉइंट दोन. सूज — नाही. दम — नाही.

मागच्या महिन्यात परिषदेत मी त्यांचाच आलेख दाखवला होता. म्हटलं होतं, पाहा, शिस्त लागली की रेघ कशी सरळ जाते. टाळ्या पडल्या होत्या.

मी लिहिलं — काटा बिघडला असेल. खाली लिहिलं — रडू नकोस. ते वाचून ती जास्तच रडली.

९ मार्च

काटा इतका नेमका बिघडत नाही. मला हे ७ तारखेलाच कळलं होतं.

११ मार्च

शिंपीकाकांच्या घरी गेले. काटा आणि फोन परत आणायचे, हे निमित्त. एकच लांबट खोली. खिडकीपाशी शिलाई मशीन, सुईखाली अर्धी शिवलेली बाही तशीच. काकू ठेंगण्या, हात सतत काहीतरी घड्या घालत असलेले. मी घशाकडे बोट दाखवलं. "असू द्या, असू द्या, चिमणीताईंनी सांगितलंय. मी बोलते, तुम्ही ऐका."

काट्यावर उभी राहिले. माझं वजन बरोबर दाखवलं.

मग त्या म्हणाल्या, "काट्याचा दोष नाही हो. तुम्हाला घाबरायचे ते."

दोनदा पडदा लाल झाला होता. दुसऱ्यांदा समोर गिऱ्हाईक होतं. "पुन्हा मीठ खाल्लंत का, असं सगळ्यांदेखत! गिऱ्हाईक हसलं. हे पोरासारखे मान खाली घालून बसले. मीठ सोडलं होतं हो त्यांनी. आळणी खाऊन तोंडाची चव गेली होती. मग म्हणाले, बाईंना कशाला त्रास, कालचंच भरू. तेव्हापासून कालचंच."

उठल्या. मशीनच्या खणातून मापांची वही काढली. "पण वहीत खरं आहे. फोनमध्ये काही का असेना, वहीत शिंप्याला खोटं माप लिहिता येत नाही. कापड वाया जातं."

पानं उलटली. वकीलीणबाई, बाही साडेनऊ. शाळेचा कोट, छाती तीस. आणि रोज, तारीख घालून — घोटा. सकाळी अंथरुणात बसून स्वतःच्या घोट्याभोवती टेप गुंडाळायचे. नऊ. सव्वानऊ. साडेनऊ.

मी पाटी पुढे ओढली. लिहिलं — माझी चूक. त्यांच्यासमोर धरली.

त्यांनी पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ओशाळून हसल्या. "मला वाचता येत नाही हो."

१२ मार्च

वही पूर्ण वाचली. एकोणीस दिवसांत घोटा नऊवरून साडेअकरा. पहिल्या वर्षाच्या पोरीनेही धावाधाव केली असती. शेवटचं माप साडेअकरा, त्याखाली रेघ. त्याच दिवशी फोनमधून मी त्यांना सांगितलं होतं — "छान. असंच चालू ठेवा."

माझा प्रबंध काढला. चौतीस वर्षांपूर्वीचा. विषय — रुग्ण डॉक्टरांपासून काय लपवतात. पहिला निष्कर्ष माझ्याच अक्षरात: रागावणाऱ्या माणसाला खरं सांगत नाहीत. त्यावर मला पदवी मिळाली!

१४ मार्च

चिमणी दार लावून बसली. "मॅडम, वही फक्त आपण पाहिलीय. एकशे अकरा लोकांचं चांगलं चाललंय की."

मी लिहिलं — चालतंय का? दोनदा लाल झाल्यावर ज्यांची रेघ सरळ झाली, ते सगळे शोध.

संध्याकाळी आली. तोंड उतरलेलं. "एकतीस."

एकतीस जिवंत माणसं. आज, आत्ता, कालचा आकडा भरताहेत.

चिठ्ठी लिहिली. सही केली. माझा आवाज बंद करा. परिचारिकेने उद्या सकाळपासून प्रत्येकाला स्वतः भेटावं. पहिलं वाक्य — "तुमचं काही चुकलेलं नाही." परिषदेतला शोधनिबंध मागे घेतला. संशोधन संपलं. सात वर्षं.

१६ मार्च

विभागप्रमुखांनी बोलावलं. माझाच विद्यार्थी, एके काळी वह्या वेळेवर द्यायचा नाही. "मॅडम, पंधरा दिवस राहिलेत. झाकली मूठ राहू द्या ना. नैतिकता समितीला कळवलंत तर विभागाचं नाव जातं, तुमचं तर जातंच."

एकतिसांतले चार काल दवाखान्यात दाखल झाले, असं लिहून कागद त्याच्यापुढे सरकवला. त्याने वाचला. चष्मा काढला.

१९ मार्च

यांना सगळं लिहून दाखवलं, चार पानं. वाचून पानं जुळवून ठेवली. म्हणाले, "शिंप्याला दोष देऊ नकोस." मी का देईन? उठताना खुर्चीला धरून उठले.

२४ मार्च

परवानगी मिळाली. "थोडं बोला, हळू बोला." आवाज बारीक झाला आहे. माझा वाटतच नाही.

पहिला शब्द कुठेही खर्च केला नाही. सरळ काकूंकडे गेले. म्हटलं, "माझी चूक झाली. त्यांची नाही. तुमची नाही."

घड्या घालणारे हात थांबले. "असा आवाज आहे तुमचा? फोनमधला वेगळाच होता हो."

मग खिडकीकडे बघत, "या आवाजाला त्यांनी सांगितलं असतं."

परतीच्या वाटेवर दोनदा रस्ता चुकले.

३१ मार्च

आज दिलं-घेतलं त्याची नोंद.

समितीला: माझं निवेदन, एकतीस जणांचे आलेख, मापांच्या वहीची प्रत. मूळ वही काकूंना परत. विभागाला: खोलीची किल्ली.

घरी आल्यावर यांनी मला दिलं: चपलांच्या खोक्यातून काढलेलं एक पाकीट. आत हृदयाचा तपासणी अहवाल — हृदय कमजोर. तारीख गेल्या सप्टेंबरची. सोबत एक चिठ्ठी, रोजचा खरा रक्तदाब लिहिलेली.

"रागावू नकोस हं," म्हणाले.

बोलायची परवानगी होती. मी खाली बसले आणि त्यांच्या पायातल्या चपला काढल्या.