लाल सोनं आणि चिमूटभर नवसागर

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून अर्धाच वाकलो). तुझे गुडघे काय म्हणतात? इकडे सगळं ठीक. मानेत एक गाठ आली आहे, तिचं पुढे सांगतो, विशेष काही नाही.

परवा तुझी भाची मला तिच्या प्रयोगशाळेत घेऊन गेली. घराण्याचा सोनारकीचा धंदा सोडला म्हणून मी तिच्यावर वर्षानुवर्षं फुगून होतो, तर ही बया तिथे सोनंच घडवते! दागिने नव्हे, औषध. बाटलीत डाळिंबाच्या रसासारखं लाल पाणी, आणि म्हणते, हेच सोनं. कण इतके बारीक केले की सोनं पिवळं राहत नाही म्हणे. ते गाठीत साचवायचे, वरून ठरावीक प्रकाश टाकायचा, की कण तापतात आणि गाठ जळते. म्हणजे अप्पांची शेगडी, सोनं वितळवायची मूस, सगळं माणसाच्या आतच मांडायचं.

मला वाटलं, पोरीला कुणीतरी गंडवलं. ती वळताच मी जुन्या सवयीनं खिशात असलेल्या पुडीतला चिमूटभर नवसागर बाटलीत टाकला (सोनं उजळावं म्हणून अप्पा मुशीत टाकायचे ना, तोच). बघता बघता पाणी निळं पडलं आणि मी पांढरा. पण पोरगी हसली. म्हणाली, "बाबा, खारानं कण एकमेकांना चिकटतात. रक्तातही खार असतोच, म्हणून आम्ही कणांवर आवरण चढवतो." सोन्याला मुलामा! अप्पा असते तर पाटावरून उठून गेले असते.

मग विचारलं, काम झाल्यावर हे सोनं जातं कुठे? अगदी बारीक कण लघवीतून जातात, बाकीचे यकृतात आणि प्लीहेत ठाण मांडतात, आणि पुढे कित्येक वर्षांनी काय करतील ते अजून कुणालाच नीट ठाऊक नाही, असं तिनं सरळ सांगितलं. दुकानातली धूळसुद्धा धुऊन कण वेचणाऱ्या अप्पांचा मी मुलगा, आणि आता माझ्याच पोटात सोनं बेवारशी पडणार.

ताई, ते दुकान हल्ली फार आठवतं गं. तू फुंकणी फुंकायचीस, मी चिमटा धरायचो. ज्योत अंगावर आली की मी रडायचो आणि तू फुंकणं न थांबवता डाव्या हातानं माझी मान धरून ठेवायचीस. मग मला भीती वाटत नसे.

तुझा,
धाकटा

ता. क. वर 'सगळं ठीक' लिहिलंय ते रिवाजापुरतं. मानेतली गाठ वाईट निघाली. डॉक्टर म्हणतात, या औषधाची माणसांवर चाचणी चालू आहे, घ्यायचं का बघा. मी हो म्हटलंय. मला भीती वाटते हे पोरीला कळू देऊ नकोस, बाटली तिच्या हातची आहे.

आणखी एक. फुंकणी आणू नकोस, त्यांच्याकडे प्रकाशाची आहे. डावा हात मात्र घेऊन ये.