सांगून आलेली

प्रिय बबडे,

नऊ वर्षं पत्राच्या वर ‘सिस्टर’ लिहायची सवय. आज हात आपोआप तिकडेच वळला. तो कागद बाजूला ठेवला आणि नवा घेतला. घरातलं नावच बरं.

आम्ही ठीक आहोत. बाबांचे गुडघे कुरकुरतात, पण गॅरेजला जायचं काही सोडत नाहीत. आमच्या शिवणखोलीत दवाखान्याच्या एप्रनची मोठी ऑर्डर आली आहे. दिवसभर डोळ्यांपुढे पांढरंच पांढरं. दहाच्या चहाला आम्ही आठजणी मशीन बंद करतो, आणि तू कॉन्व्हेंटमधून फोनवर पाठवलेलं त्या दिवसाच्या संताचं चिंतन मी वाचून दाखवायचे, हे तुला ठाऊकच आहे. जुलैत तू कॉन्व्हेंट सोडलंस आणि चिंतनं थांबली. आठवडाभर मी थाप मारली, फोन बिघडलाय म्हणून. शेवटी काजं करणारी म्हणाली, “मावशी, तुमचा फोन बिघडल्यापासून माझा दिवसच सुरू होत नाही.”

मग संत मार्थाचा सण आला. कटिंगच्या उरलेल्या कागदावर मी स्वतःच लिहिलं. सातवी पास बाई, निघाली संतांवर लिहायला! लिहिलं, की मार्थाला सगळे स्वयंपाकघरातली तक्रारखोर म्हणून ओळखतात. पण भाऊ गेल्यावर हीच बाई प्रभूला सामोरी गेली आणि तोंडावर म्हणाली, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. प्रभूला राग आला नाही. म्हणजे भांडणसुद्धा प्रार्थनेत धरतात. चहाच्या वेळी तुझंच म्हणून वाचून दाखवलं. कटिंग मास्तर एरवी चर्चकडे फिरकत नाहीत. ते कात्री खाली ठेवून म्हणाले, “पोरगी सुधारली की हो! आधी फार गोडगोड लिहायची.” रागावू नकोस, पण मला दिवसभर हसू आवरेना.

तेव्हापासून रोज लिहिते. अडलं की तुझं जुनं संतचरित्रांचं पुस्तक उघडते. श्रद्धेपायी जीव दिलेल्या एका रक्तसाक्षी मुलीच्या पानावर चौदाव्या वर्षी तू पेन्सिलीने लिहिलं आहेस, ‘हिला भीती वाटली नसेल का?’ असं विचारणारी पोर माझ्या पोटी आली, म्हणून छाती फुगते.

गेल्या रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर तुझ्या थोरल्या आत्याने सगळ्यांदेखत विषय काढला. “पोरगी पळून आली म्हणे कॉन्व्हेंटमधून?” बाबा बुटांकडे बघायला लागले. शिवणखोलीतल्या निम्म्या बायका तिथेच. मी म्हटलं, “पळून नाही, वन्सं. सांगून आली. मोठ्या सिस्टरांपुढे बसून, पत्र देऊन, दिवसाढवळ्या दारातून. नऊ वर्षं मनापासून सेवा केली, आणि मन रमेना तेव्हा नाटक केलं नाही. आता वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळी घालते. मला तिचा अभिमान आहे.” तोंड उघडलंच होतं, तर महिनाभराची चिंतनं माझी होती, तेही सांगून टाकलं. काजं करणारीने माझा दंड धरला. “मग आजचं राहिलंय की! वाचा ना.” मी पर्समधून कागद काढला आणि पायऱ्यांवर उभी राहून वाचला. फादरसुद्धा थांबले होते. घरी येताना बाबा एवढंच म्हणाले, “दोघीही भारी आहात.”

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तू बाहेर पडलीस त्या संध्याकाळी स्टँडवरून मला फोन केलास. “आई, मी निघाले,” म्हणालीस. तू जेवलीस का, रात्री कुठे राहणार, मी काहीच विचारलं नाही. माझ्या तोंडून निघालं, “आता लोकांना काय सांगू?” तू “बरं” म्हणून फोन ठेवलास. तेव्हापासून तू बाबांनाच फोन करतेस, आणि घरी आली नाहीस. बबडे, माझं चुकलं. लोकांना सांगून झालं आहे. आता तू ये.

तुझीच, तुझ्या मागून लिहायला शिकलेली,
आई