स्थळ कळवावे

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा उभ्यानेच नमस्कार. साष्टांग घालायला घरात सध्या जागा नाही, का ते पुढे येईलच. तुझी पाठ कशी आहे? वहिनींच्या गुडघ्याचं काय झालं? तुझ्या बाल्कनीतल्या कुंड्यांचे फोटो रोज सकाळी ग्रुपवर येतात, त्यावरून झाडं तरी बरी दिसतात, आणि झाडं बरी म्हणजे पाणी घालणारा बरा असणार, असा आम्ही तुझ्याबद्दल अंदाज बांधतो. पत्र बघून दचकशील, पण फोनवर लिहिणं मी सध्या सोडलं आहे. नदीला पूर आला आणि आईच्या घरात पाणी शिरलं हे तुला कुठून ना कुठून कळलं असेलच. पुढचं मी क्रमाने सांगणार आहे. (शेवटचं पान आधी वाचायची तुझी सवय मला ठाऊक आहे, म्हणून पानांवर आकडे घातलेले नाहीत.)

आई नदीकाठच्या घरात एकटी राहते याबद्दल तू मला दरवर्षी एकदा बोलतोस. पण माझ्या घरात माझं विवाह मंडळ, तिथे दिवसभर लोक येऊन आपापल्या मुलांचं कौतुक करतात, आणि ते तिला ऐकवत नाही. (तिलाही एका मुलाचं कौतुक सांगायचं असतं. तो मुलगा मी नव्हे.) तर पाणी वाढलं तशी ती वरच्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाईंकडे गेली, एवढं कळलं. मग मी फोन लावला की एक रिंग वाजायची आणि ती कट करायची. पुन्हा लावला, पुन्हा कट. सुरुवातीला मला राग आला, नंतर ध्यानात आलं की कट होतोय म्हणजे ती आहे, म्हणून मी थोड्या थोड्या वेळाने मुद्दाम कट करून घेऊ लागलो. दुपारी फोन कट होईनासा झाला. बंदच लागू लागला. बाईंचाही लागेना, आणि पाणी त्यांच्या जिन्याच्या निम्म्यावर आलंय असं कुणीतरी सांगितलं. मी चपला न घालताच मदत केंद्राकडे पळत सुटलो, हे इथेच लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुला मी मजेत होतो असं वाटेल.

मदत केंद्र शाळेच्या हॉलमध्ये होतं. तिथले साहेब वयाने लहान, दोन हातांत दोन फोन आणि तिसरा चार्जिंगला. त्यांच्याकडे बोटी होत्या, माणसं होती, फक्त कोण कुठे अडकलंय हे माहीत नव्हतं. कुणीतरी माझ्याकडे दाखवून म्हणालं, अख्खं गाव यांच्या ग्रुपमध्ये आहे. ते खरंच आहे. ज्याच्या घरी लग्नाचं मूल आहे तो माझ्या ग्रुपमध्ये आहे, आणि ज्याचं लग्न जमलं तोही बाहेर पडलेला नाही, पुढे काही चांगलं आलं तर बघायला मिळावं म्हणून. साहेबांनी लगेच मजकूर सांगितला, ‘पुरात अडकलेल्या नागरिकांनी आपले स्थळ त्वरित कळवावे,’ आणि मी तो जसाच्या तसा टाकला. आता मला सांग, इतकी वर्षं मी त्या ग्रुपवर दुसरं काय टाकत आलोय? लोकांनी स्थळं कळवली. उंची, शिक्षण, नोकरी, अपेक्षा. एका बापाने छातीभर पाण्यात उभ्या असलेल्या मुलाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, निर्व्यसनी. एका बाईंनी विचारलं, नागरिक म्हणजे नोकरी करणारा की स्वतःचा धंदा?

त्यातच औषधांच्या दुकानवाल्याचा मेसेज आला, ‘वर एकटाच आहे. खाली सगळं पाणी. बोट पाठवा.’ माणूस बिचारा माळ्यावर बसला होता. पण माझ्या ग्रुपमध्ये ‘वर’ या शब्दाला दुसरा अर्थच नाही. लगेच चौकशा सुरू. वर काय करतो? एकटाच म्हणजे बहिणींची जबाबदारी नाही ना? घर स्वतःचं आहे का? (यावर त्याने फक्त ‘होतं’ एवढंच लिहिलं, आणि ते मला फार लागलं.) बोट मागितलं म्हणून निम्म्या ग्रुपने बोटांची चित्रं पाठवली, उभी, आडवी, एक अंगठा. साहेबांनी माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि विचारलं, “हे लोक बोटं का दाखवतायत?” मी म्हणालो, “मागितलीत म्हणून.” शेवटी मी माझ्या भाषेत लिहिलं, बाबांनो, लग्नं नंतर बघू, कुठे अडकलात तेवढं लिहा. तेव्हा कुठे पत्ते यायला लागले आणि बोटी सुटल्या. दुकानवालाही सुटला. त्याच्यासाठी आता दोन चौकशा आहेत.

आईचं मात्र घोडं अडलेलं होतं. साहेब म्हणाले, पत्ता नको, नकाशावरचा ठिपका पाठवा, बोट थेट तिथे जाईल. मी घरी येऊन, चष्मा पुसून, आईच्या नावाने ठिपका पाठवला. तो ठिपका पाठवणारा जिथे बसलाय तिथला जातो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. थोड्या वेळाने टेम्पोवर चढवलेली बोट कोरड्या रस्त्यावरून माझ्या दारात येऊन उभी राहिली. बोटवाला सहा फुटी, गळ्यात शिटी. दारातूनच म्हणाला, “घाबरू नका, एकेक जण या.” मी स्टुलावर बसून चहा पीत होतो. आमच्या हिने त्याला विचारलं, “यांना कुठे नेताय?” आणि त्याने फोन काढून ठिपका पुन्हा तपासला. सगळा घोळ सांगितल्यावर त्याने कपाळावर हात मारला, माझ्या अंगात नारिंगी जॅकेट चढवलं आणि मलाच टेम्पोत घातलं. म्हणाला, “घर तुम्हालाच माहितीय ना, मग चला.”

आता मधली एक गोष्ट. सकाळीच मी एक साधा मेसेज सगळीकडे सोडला होता की आमची आई, वय अठ्ठ्याहत्तर, नदीकाठी वरच्या मजल्यावर अडकली आहे, कृपया पुढे पाठवा. लोकांनी तो पुढे पाठवला, आणि जाता जाता प्रत्येकाने त्याला थोडा हातभार लावला. एका ग्रुपमध्ये ती पंच्याऐंशीची झाली, दुसऱ्यात अंथरुणाला खिळली, तिसऱ्यात तिला जुळी नातवंडं झाली आणि ‘आमची’ या शब्दासकट मी मेसेजमधून गळून पडलो. टेम्पोत बसलेलो असताना तो मेसेज फिरून माझ्याकडेच आला. तुझ्याकडून. खाली तू लिहिलं होतंस, ‘कुणी वृद्ध माता आहेत. तुझ्याच भागातलं दिसतंय. बघ काही करता आलं तर.’ आणि जोडलेले हात. मी उत्तर दिलं, ‘बघतो.’ तू त्यावर अंगठा दिलास.

पाण्यात शिरल्यावर कळलं की मला घर माहीत नाही. मला गल्ली माहीत होती, आणि गल्ली पाण्याखाली होती. पाट्या बुडालेल्या, नकाशावरचा आमचा ठिपका नदीच्या मधोमध गोल फिरत होता. मी पुरता घाबरलो. तेवढ्यात शिकवणीवाल्या बाईंचा फोन गच्चीवर जरा जिवंत झाला आणि त्यांचा आवाजी मेसेज आला. बाईंनी शुद्धलेखन घालावं तसा रस्ता घातला होता, प्रत्येक वाक्य दोनदा, चिन्हांसकट. ‘कापड दुकानाच्या पाटीचं शेवटचं अक्षर पाण्याबाहेर आहे, स्वल्पविराम, तिथून डावीकडे वळा, पूर्णविराम.’ बोटवाला पूर्णविरामाला खरोखर थांबत होता. असं करत करत आम्ही बरोब्बर त्या खिडकीखाली आलो, आणि खिडकीत आई, पिशवी भरून तयार, उशीर झाला म्हणून चिडलेली. तिला पाहिलं आणि मला रडू फुटलं. जॅकेट गळ्यापर्यंत होतं, म्हणून फारसं कुणाला दिसलं नाही. बाईंनाही सोबत घेतलं, आणि बोटीत बसल्या बसल्या आईने बोटवाल्याची चौकशी केली. उंची भरपूर, टेम्पो स्वतःचा, आईवडील गावाकडे, पोहता येतं. आई बोटीतून उतरली ती एक स्थळ घेऊनच.

तर ती आता माझ्याकडे आहे. तिच्या गाद्या, उशा, आणि बाईंची पाठ्यपुस्तकं घरभर वाळत आहेत, म्हणून साष्टांग नाही. बाकी सगळं ठीक. वहिनींना नमस्कार, कुंड्यांना आशीर्वाद.

तुझा धाकटा

ता. क. तू पुढे पाठवलेला तो मेसेज जिथे जिथे गेला असेल तिथून पुसून टाक. त्यात तारीख नाही, त्यामुळे आईला वाचवायला अजून रोज कुणी ना कुणी येतं. काल दोघे जण दोर घेऊन आले. ती त्यांना बसवून चहा देते आणि लग्न झालंय का विचारते.

आणखी एक ता. क. ती माझे फोन का कट करत होती ते मी नंतर विचारलं. म्हणाली, “तुझ्याशी बोलण्यात चार्जिंग संपलं असतं. दादाचा फोन यायचा होता.” हे तुला सांगू नकोस असं तिने बजावलं आहे. मी सांगितलेलं नाही, लिहिलेलं आहे. तिचा फोन आता दिवसभर स्वयंपाकघरातल्या एकुलत्या प्लगला असतो, आणि मिक्सर बंद आहे.

शेवटचा ता. क. पत्र खरं म्हणजे एवढ्यासाठीच लिहिलं. त्या दिवशी तू स्वतःच्या पानावर ‘मी सुरक्षित आहे’ असं बटण दाबलंस. तिकडे तुमच्याकडे थेंबही पडला नव्हता हे मला माहीत आहे, तुझ्या फोनने विचारलं असेल आणि तू दाबलं असशील. बाईंनी ते आईला वाचून दाखवलं. जिना बुडत होता, आणि आईने हात जोडले, म्हणाली, सुटला माझा मुलगा. तिची पक्की समजूत आहे की तुझ्याकडेही पाणी शिरलं होतं आणि म्हणून तुला फोन करता आला नाही. त्या समजुतीवरच ती तुझ्यावर रागावलेली नाही. तर दादा, फोन कर. मेसेज नको, फोन. ती आधी विचारील, घरात पाणी किती आलं होतं. कोरडं होतं असं चुकूनही म्हणू नकोस. घोट्याएवढं होतं म्हण. कमरेएवढं म्हणालास तर ती बोटवाल्याला घेऊन तुला सोडवायला निघेल.