माझ्या हातचा माल

२ सप्टेंबर
आज कामावर रुजू झाले. आमच्या बहादरपूरहून ऑटोने लालबागला जायचं, तिथे लीलाधरभाऊंच्या केळी पिकवायच्या कोठ्या आहेत. काम ऑफिसचं: गाडी लागली की क्रेट उतरवून घ्यायचे, व्यापाऱ्यांचे फोन, बिलं. भाऊंच्या बायकोने, आशाकाकूंनी, आल्या आल्या चहा दिला आणि बेटा म्हणून हाक मारली. हमाल चुडामणदादा म्हणाले, मॅडम आल्या, आता केळी इंग्रजीत पिकतील. सगळे हसले, मीही हसले.
साडीच्या दुकानातून काढताना मालक म्हणाला होता, चारुलता, तुझ्यावाचून आमचं काही अडत नाही. इथे मात्र असं काम करायचं, की माझ्यावाचून यांचं अडलं पाहिजे.

६ सप्टेंबर
काम आवडायला लागलंय. हिरवा माल कोठीत लावतात, दार बंद करून गॅस सोडतात आणि माल पिवळा होईपर्यंत दार उघडत नाहीत. मध्येच उघडलं की माल अर्धाकच्चा राहतो. कुणी न सांगता मी दबलेल्या फण्या वेगळ्या काढते. केळीच्या मळ्यात वाढलेल्या पोरीला वेगळं काय शिकवायचं, असं भाऊ काकूंना सांगत होते.

११ सप्टेंबर
गॅसचं मशीन बंद पडलं. नवरात्र तोंडावर, उपवासाचा सगळा माल कच्चा, आणि मिस्त्री फोन उचलेना. चुडामणदादांनी जुनी रीत सांगितली. कच्च्या मालाच्या मधोमध पिकलेल्या फण्या ठेवायच्या, त्यांच्या वासाने बाकीची पिकतात. फण्या मीच फिरून फिरून ठेवल्या. संध्याकाळी गंमत झाली. मी हात लावलेले क्रेट पिवळे, शेजारचे हिरवेच. दादा म्हणाले, ताईचा हात गरम आहे. भाऊ हसले नाहीत. ते माझ्या हातांकडे बघत राहिले.

१५ सप्टेंबर
भाऊंनी विचारलं, बिलं आत बसून लिहिशील का. कोठीत खुर्ची टाकली. काकूंनी शाल दिली. दुपारपर्यंत सगळा माल एका रंगाचा झाला, एकही डाग नाही. भाऊंनी मिस्त्रीला येऊ नको म्हणून कळवलं. फोनवर एका व्यापाऱ्याला हिंदीत सांगत होते, लडकी हीरा है. ऐकून मी खुर्चीत सरळ बसले.

१९ सप्टेंबर
हात पिवळे पडलेत. आईला कावीळ वाटली, पण रिपोर्टमध्ये काही निघालं नाही. अंगाला गोड वास येतो, आंघोळीनेही जात नाही. ऑटोत माझ्याभोवती माश्या घोंगावत होत्या, शेजारची बाई पोराला घेऊन पुढे जाऊन बसली. भाऊ म्हणाले, बहादरपूरची ये-जा कशाला, नवरात्र होईपर्यंत इथेच राहा. चुडामणदादा आता थट्टा करत नाहीत. आज त्यांनी दार थोडं उघडं ठेवलं होतं, तर भाऊंनी त्यांना सगळ्यांसमोर झापलं.

२२ सप्टेंबर
घट बसले. माल हातोहात गेला. माझ्या मनगटावर तपकिरी ठिपके आलेत. दाबलं की बोट आत जातं. दुखत नाही. हेच वाईट आहे.
भाऊंना म्हटलं, घरी जाते. त्यांनी हात जोडले. म्हणाले, बेटा, तुझ्यावाचून सगळं अडेल. हे वाक्य ऐकायला मी किती दुकानांत राबले. मग माझी मीच आत गेले.

२५ सप्टेंबर
आई आली होती. दाराबाहेर तिचा आवाज. काकू सांगत होत्या, चारू वसुलीला नाशिकला गेली, भाऊंचा फार भरवसा आहे तिच्यावर. फोन का लागत नाही, आईने विचारलं. फोन माझ्याजवळ नाही. काकूंनी चार्जिंगला म्हणून नेला, तो परत आला नाही.
दार ठोकता आलं असतं. पण मग उघडलं असतं, आणि माल—
नाही ठोकलं. आई पायरीवर बराच वेळ बसली असावी. चप्पल घासल्याचा आवाज आला, मग काही नाही.

२८ सप्टेंबर
बाहेर चुडामणदादा भाऊंना सांगत होते. जास्त पिकली. जवळचा माल काळा पडतोय. बाहेर नाही काढली तर सगळी कोठी जाईल. मला वाटलं, एखाद्या फणीबद्दल बोलतायत.
भाऊंनी विचारलं, जवळपास, शाहपुरात, कुणी गरजू पोरगी आहे का.

३० सप्टेंबर
पेन धरवत नाही. बोटांची साल कागदाला चिकटते—
दाराच्या फटीतून दिसलं, नवी मुलगी आली. तेजस्विनी नाव. काकू तिलाही बेटा म्हणाल्या. चहा दिला. कुणी न सांगता तिने दबलेल्या फण्या वेगळ्या काढल्या. भाऊ दादांना म्हणाले, हिच्या हातचे क्रेट वेगळे ठेव, बघू.

१ ऑक्टोबर
तिच्या हातचे क्रेट— पिवळे.

दुपारी ती दाराशी आली. मी फटीला तोंड लावलं. घशातून पाणीच येतं, तरी म्हटलं. पळ. पळून जा.
ती थांबली. हळूच म्हणाली, ताई, मला दोन ठिकाणांहून काढलंय. हे काम मला हवंय.
मी परत म्हटलं, पळ. ती आत अडकेल म्हणून नाही. खरं लिहिते— तिची दया नाही आली मला. ती टिकली तर मला बाहेर— आणि मग मी कुणाच्या—
कडी वाजली. भाऊ, अजून मी कामाची आहे, या कोपऱ्यातला माल बघा, अजून मा