केसभर पुढे

३ फेब्रुवारी
दादाचा ट्रक पुन्हा गॅरेजच्या दारात! चढावर धापा टाकतो म्हणे. पेट्रोलचं जुनं इंजिन, जवळजवळ माझ्याच वयाचं. टायमिंग लावून देतो म्हटलं.
दादा हल्ली केवढ्यानं बोलतो! जन्मभर इंजिनाशेजारी बसून कान गेले असणार बिचाऱ्याचे.

४ फेब्रुवारी
डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवला. टायमिंग पुढे नेलं, म्हणजे ठिणगी जरा आधी पडली, की इंजिन जास्त ओढतं. माल भरून खाणीचा चढ चढलो — दादा गाडीवर, मी शेजारी कान लावून. माझी रीत ठरलेली: टकटक येईपर्यंत पुढे न्यायचं, आली की केसभर मागे. टकटक म्हणजे पिस्टनला मार.
आलीच नाही. थांबून आणखी पुढे नेलं. तरी नाही. आणखी! ट्रक असा ओढायला लागला की मीच चाट पडलो.
"काही वाजतंय का रे?" दादानं विचारलं.
"छे! एकदम गोड चालतंय!"
तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तू म्हणतोस ना, मग झालं."
टायमिंग बघायचा दिवा अजून खणात पडलाय, खोक्यासकट. गेल्या वर्षी दादानंच आणला होता. केवढा चिडलो होतो मी! तीस वर्षं कानावर धंदा केला आणि हा मला दिवा दाखवतो!

९ फेब्रुवारी
बायको भांडली. पाण्याची मोटर तासभर कोरडी चालली, मी शेजारीच बसलेलो. लक्ष नव्हतं माझं, दुसरं काय.

१२ फेब्रुवारी
दादाचा ट्रक —

१३ फेब्रुवारी
काल लिहवेना. पिस्टनला भोक पडलं. इंजिन ऐन चढावर बंद, त्याबरोबर ब्रेकचा जोरही गेला. भरलेला ट्रक मागे घरंगळून उलटला. दादाचा पाय गुडघ्यापासून कापावा लागला.
वहिनी मलाच धरून रडली. मला!

१५ फेब्रुवारी
शटर आतून ओढून घेतलं. दुरुस्तीला आलेल्या गाडीचं टायमिंग मुद्दाम भरमसाट पुढे नेलं, रेस दिली, इंजिनावर हात ठेवला. तळव्याला टकटक लागत होती.
कानाला काही नाही. दोन्ही कानांना.
टायमिंग परत जागेवर आणलं — दिवा लावून. दादाला सांगायला हवं. तोंड कुठलं घेऊन जाऊ?

१८ फेब्रुवारी
दवाखान्यात गेलो. दारातून पाहिलं — दादा वहिनीशी बोलत होता. नुसते ओठ हलताना दिसले. वहिनी खाटेच्या पायथ्याशी उभी राहून उत्तरं देत होती, तिला सगळं ऐकू जात होतं. मला पाहिलं आणि त्यानं आवाज चढवला. अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला.
"दादा, मला ऐकू येत नाही रे."
"मला वर्षापूर्वीच कळलंय!"
"मग ती टकटक?"
"यायची. रोज."
"बोलला का नाहीस?"
"दिवा आणला, तर चार महिने बोलला नव्हतास माझ्याशी."